ऐनाची टेकडी वरून पाहताना

माझ्या कामात चूक झाली तर आवाज होत नाही. गवंड्याची भिंत पडली तर धूळ तरी उडते, आमटीत मीठ जास्त झालं तर जेवणारा लगेच तोंड वाकडं करतो. माझी चूक पडद्यावर एखाद्या रंगात गुपचूप बसून राहते. तिचा त्रास कुणाला व्हायला लागला हे मला कळतं तेव्हा मी तिसऱ्याच कुठल्या तरी कामाला लागलेली असते.

उपग्रहाच्या चित्रांवरून झाडांच्या जाती ओळखणं हे माझं काम. पानांवर पडलेला उजेड परत वर जातो. त्यातला थोडा आपल्या डोळ्यांना दिसतो, बराचसा दिसत नाही. उपग्रहाला दोन्ही दिसतात. साग उजेड जसा परत करतो तसा मोह करत नाही. आपण जमिनीवर जाऊन थोड्या झाडांची ओळख पटवून द्यायची, मग तशी पानं जिथे जिथे असतील तिथे संगणक तो तो रंग भरत जातो. ऐकायला सोपं वाटतं, आणि सोपं वाटतं तिथेच घात होतो.

हे मी शिकले ते खाडीवर. काही वर्षं कांदळवनात गुडघाभर चिखल तुडवला. तिवर कुठवर आहे, कांदळ कुठून सुरू होतो, चिपी कुठे उभी आहे, याचे नकाशे केले. खाडीतली ही झाडं बारा महिने हिरवी असतात. त्यामुळे चित्र कुठल्या महिन्याचं घ्यायचं याची तिथे फारशी पंचाईत नसते. ओहोटीची वेळ आणि निरभ्र आकाश, एवढं जुळलं की झालं. जानेवारी सगळ्यात सोयीचा, आकाश धुतल्यासारखं असतं. पुढे पुढे तर दुसऱ्या महिन्यांची चित्रं मी उघडूनही बघेनाशी झाले.

मग शहापूर आणि मुरबाडच्या डोंगरांतल्या झाडांचा सरकारसाठी नकाशा करायचं काम आलं. ऑफिसातले आमचे सर म्हणाले, "तू तिकडचीच ना? मग तूच कर. तुला काय सांगायचं?" मलाही तसंच वाटलं. धसईच्या अलीकडे आमचं घर, वडील भात करतात. नोकरीसाठी मी आसनगावला खोली घेऊन राहते, पण उंबरमाळीच्या रानापासून आमच्या गावापर्यंतचा डोंगर न् डोंगर मला पाठ आहे अशी माझी ठाम समजूत होती. त्या तोऱ्यातच मी जानेवारीअखेरचं एक स्वच्छ चित्र निवडलं, गाडीरस्त्यालगतची झाडं पाहून आले आणि नकाशा करून टाकला.

नकाशा देखणा झाला. फक्त एका वाडीच्या वरची टेकडी मातकट रंगात आली. यादीत त्या रंगापुढे लिहिलेलं होतं, विरळ झुडूप, वृक्ष नाहीत. ती वाडी आमच्या गावापासून चालत तासाभरावर आहे. मी क्षणभर थबकले आणि मनात म्हणाले, तोडली असतील लोकांनी. या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. मी त्या टेकडीवर गेले नाही. नकाशा देऊन टाकला.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा जेवताना वडील म्हणाले, "वाडीच्या टेकडीला चुना मारलाय. मुरूम काढनार म्हनतात, मोठ्या रस्त्याला. पोकलेन येऊन उभा हाय."

"कुठली टेकडी?" मी विचारलं. विचारताना घास हातातच राहिला होता. मला उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आली. ती माझी सख्खी मावशी नव्हे. त्या वाडीतली बाई, मला आठवतंय तेव्हापासून दर आवणीला भात लावायला आमच्या शेतावर येते आणि आमच्यातलीच होऊन जाते. नवरा गेल्यापासून झाडावर चढायचं कामही तीच करते. वाडीतले बापये तिच्या चढण्यावरून तिला चिडवतात आणि मनातून घाबरतात. ती ओट्यावर टेकली, पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "कागदावर आमच्या टेकडीला झाडंच नायत म्हनं. साहेब आला व्हता, त्यानी कागूद दाखवला. झाडं नायत म्हनून मुरूम काढाया हरकत नाय. तू शिकलेली हायस गो, चल, बघ तरी एकदा."

मी गेले. चढाच्या तळाशी पिवळा पोकलेन खाली मान घालून उभा होता. त्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर एक राखणदार बसला होता. आम्हाला पाहून त्याने मोबाइलवरचं गाणं बारीक केलं. चुन्याची रेघ टेकडीच्या कमरेभोवती सरळ गेली होती, वाटेतल्या दगडावरूनही गेली होती. आणि रेघेच्या आत ऐनाची झाडं उभी होती. एक नाही, दोन नाही, सगळी टेकडी ऐनाची. सगळ्यांचे हात कोपरापासून छाटलेले, प्रत्येकाच्या शेंड्याला एक झुपका राखलेला, आणि छाटलेल्या प्रत्येक टोकाला आता नवी कोवळी पालवी फुटलेली.

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

आमच्याकडे भात पेरायच्या आधी जमीन भाजतात. भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या वाळलेल्या फांद्या, पाचोळा, गवत आणि वर माती असे थर देतात आणि वारा पडला की पेटवतात. त्याला राब म्हणतात. राबाने तणाचं बी जळतं आणि रोप जोमदार येतं. त्यासाठी भात कापून झालं की पौषात ऐनावर चढून फांद्या तोडतात. शेंड्याला हात लावत नाहीत. पावसाळ्यापर्यंत झाड पुन्हा भरतं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, एकाच्या झाडावर दुसरा कोयता टाकत नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही. फांद्यांचे भारे मी स्वतः डोक्यावरून आणले आहेत, राबाच्या धुराने माझे डोळे चुरचुरले आहेत. आणि बरोबर त्या पौष महिन्याचं चित्र घेऊन, छाटलेल्या ऐनांच्या टेकडीवर मी लिहून दिलं होतं की इथे झाडं नाहीत. परक्या माणसाने ही चूक केली असती तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मावशीला मी तिथेच सांगितलं की तो कागद माझा आहे, उपग्रहाने वरून काढलेल्या चित्रावरून केलेला. तिने माझ्याकडे बघितलं, मग झाडाकडे बघितलं. म्हणाली, "वरून खोड नाय दिसत?"

"नाही. पानं दिसतात."

"मंग तुझा काय दोष?" असं म्हणून ती उतरायला लागली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सरांपुढे मी सगळं कबूल केलं. सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी फोन केले, पत्र लिहिलं. ऑक्टोबरची जुनी चित्रं पुरावा म्हणून चालतील का, हेही विचारलं, कारण त्या महिन्यात ऐन पानांनी भरलेला असतो. वरून उत्तर आलं की तुलना करायची तर महिना तोच हवा. पुढच्या जानेवारीत टेकडी हिरवी दिसली आणि जागेवर झाडांची नोंद झाली तर फेरविचार करू. तोवर खोदकाम थांबेल. पोकलेन मात्र तिथेच राहील.

म्हणजे करायचं काय हे उघड होतं, आणि ते सांगायला मीच वाडीत गेले. सगळी वाडी समोर बसली होती. मी म्हणाले, "यंदा ऐन तोडू नका. एक वर्ष फक्त. जानेवारी संपेस्तोवर पानं राहू द्या."

कुणीतरी मागून विचारलं, "न् राबाला काय घालू?" मी म्हणाले की शेण, पाचोळा, जे मिळेल ते घाला. स्वतःचाच आवाज मला सरकारी वाटला. मग मावशीने विचारलं, "तो वरून कवा जातो?"

"दर पाच दिवसांनी, सकाळी."

"त्याला चूल दिसती?"

"नाही."

"मानूस?"

"नाही, माणूस लहान पडतो."

"झाड दिसतं, मानूस नाय," मावशी म्हणाली.

तो हिवाळा वाडीने कोयते भिंतीला टांगून काढला. मी दर शनिवारी जात होते. मावशी मला एकेका झाडापाशी नेऊन उभी करायची आणि मी मोबाइलवर जागेची खूण घ्यायचे. हा खडकाजवळचा ऐन तिचा, त्याच्या पुढचे दोन तिच्या दिराचे, झऱ्याच्या वरचा पुन्हा तिचा, तो तिच्या सासूच्या सासूपासूनचा. मी झाडाची जात लिहिली, जागा लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात कुणाचं झाड तेही लिहिलं. ही टेकडी बेवारशी नाही, पिढ्यांच्या वापरातली आहे हे त्यावरून दिसेल असा माझा हिशेब होता. मावशी प्रत्येक झाडाला हात लावून मगच पुढे जायची. आकाशातून एखादं विमान गेलं की माना वर व्हायच्या. तो नव्हे, असं मी सांगायचे. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं, पण मान वर करणं सोडलं नाही. टेकडीवर त्या दिवसांत कोयत्याचा आवाज नव्हता, आणि त्या शांततेत खाली राखणदाराच्या मोबाइलवरची गाणी वरपर्यंत ऐकू यायची. मला त्याचा इतका राग यायचा की एकदा मी खाली जाऊन त्याच्याशी भांडले. तो बिचारा विरारहून आलेला होता, त्यालाही तिथे बसायची हौस नव्हती.

जानेवारीअखेर चित्र आलं. टेकडी ऐनाच्या रंगात काठोकाठ भरली होती. मी ऑफिसात सगळ्यांसमोर रडले. पंधरा दिवसांत पोकलेन ट्रेलरवर चढला आणि निघून गेला. वाडीने कोंबडं कापलं. मला मांडी घालून मध्ये बसवलं आणि आग्रहाने वाढलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली हे खरं आहे.

पण राब झाला नव्हता; तोवर ऐनाची पानं गळायला लागली होती आणि तोडायचा हंगाम संपला होता. पाचोळ्याचा राब धड पेटला नाही. पाऊस पडल्यावर रोपांबरोबर तण वर आलं आणि रोपांच्या डोक्यावर गेलं. आवणीला मावशी आमच्याकडे आली तेव्हा तिने तिच्या शेतातली रोपाची एक जुडी सोबत आणली होती. पिवळी, केसासारखी बारीक. ती माझ्या वडिलांच्या हातात देऊन म्हणाली, "बघा, आमचं यंदाचं सोनं." वडील हसले नाहीत. त्यांनी आमच्या रोपांतल्या जुड्या काढून तिला दिल्या, पण आमच्याकडेही आमच्यापुरतीच होती. आमची राबाची झाडं बांधावरची, स्वतःच्या मालकीची. नकाशात ती येतही नाहीत, इतकी थोडी आहेत.

"एकच वरीस ना गो?" मावशीने जाताना विचारलं. मी हो म्हणाले.

दिवाळीच्या सुमाराला टेकडीच्या पायथ्याशी, जिथे पोकलेन उभा असायचा तिथेच, एक फलक लागला. दाट वृक्षाच्छादित क्षेत्र, वृक्षांची तोड व छाटणी करण्यास सक्त मनाई. दाट हा शब्द माझ्या नकाशातला होता. झाडं नाहीत म्हणून टेकडी जाणार होती. झाडं आहेत असं ठरल्यावर टेकडी राहिली, पण त्यांच्या हातातून गेली. मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. राबाचा हक्क जुना आहे असं सगळे मान्य करायचे आणि अर्ज ठेवून जा म्हणायचे. पुढचा हिवाळा आला तेव्हा वाडीतली अर्धी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर गेली होती. मावशी गेली नाही.

आणि आमच्या ऑफिसला नवं काम मिळालं. दाट ठरलेल्या क्षेत्रांवर दर पाच दिवसांनी लक्ष ठेवायचं आणि झाडोरा कुठे कमी झाला तर कळवायचं. तालुके वाटून दिले. मुरबाड अर्थातच मला.

जानेवारीच्या पहिल्या चित्रात टेकडी भरलेली होती. दुसऱ्यात खडकाजवळ एक मातकट ठिपका दिसला. तो ठिपका म्हणजे काय हे त्या ऑफिसात एकट्या मला कळत होतं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ढगाची सावली. पुढच्या चित्रात तीन ठिपके झाले. पुन्हा ढगाची सावली. मी वाडीत जाऊन मावशीला गाठलं. तिच्या अंगणात फांद्यांचा ढीग रचलेला होता, वर गवत टाकून झाकल्यासारखा केलेला.

"मावशी, दिसतंय ते. थांब आता."

"मी नाय थांबायची," ती म्हणाली. "गेल्या वर्सी तू सांगलंस, मी ऐकलं. घरात भात नाय आला. आता माज्या झाडावर मी चढनार. तुला दिसत असल तर तू डोळं मीट."

मी डोळे मिटले. आणखी एकदा ढगाची सावली लिहिलं. त्या वेळी सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"जानेवारीत ढग?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. लपवालपवी मला झेपत नाही, तोंडावर दिसतं. सरांनी मागची चित्रं एकेक करून उघडून पाहिली. मग म्हणाले, "मग खोटं कशाला लिहितेस? खरं लिही. हे तोडलेलं झाड नाही, छाटलेलं आहे, जिवंत आहे, पावसाळ्यात फुटेल. नीट पुराव्यासकट लिहिलंस तर ते तिच्याच उपयोगी पडेल. खोटं पकडलं गेलं तर तुझं आणि तिचं, दोघींचंही वाटोळं." मला ते पटलं. अजूनही वाटतं की कुणालाही पटलं असतं. मी मन लावून अहवाल लिहिला. राबाची पद्धत लिहिली, शेंडा राखतात ते लिहिलं. प्रत्येक ठिपक्याशी माझ्या जुन्या नोंदीतलं झाड जुळवलं आणि ती यादी पुराव्यादाखल शेवटी जोडली. शेऱ्याच्या रकान्यासकट.

आठ दिवसांनी वडिलांचा फोन आला. "बाय, मावशीला फॉरेस्टवाल्यांनी नेलंय."

मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. मावशी कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. आत टेबलावर तिचा कोयता होता, त्याला सुतळीने चिठ्ठी बांधलेली. गार्ड तरुण होता, अदबीने बोलत होता. म्हणाला, "मॅडम, आम्हाला शोधावंच लागलं नाही. यादी वरूनच आली. त्यातल्या झाडांपाशी गेलो, तर बाई झाडावरच होती." त्याने तो कागद पुढे केला. माझ्या अहवालाची चार पानं त्यात नव्हती. राब नव्हता, शेंडा नव्हता, पावसाळ्यात फुटणारी पालवी नव्हती. फक्त यादी होती.

"मला वाचून दाखवा तरी," मावशी बाकावरून म्हणाली. "कशासाठी धरलंय ते कळू दे."

गार्डने माझ्याकडे बघितलं. मी कागद त्याच्याकडे परत दिला आणि त्याने वाचायला सुरुवात केली. खडकाजवळचा ऐन. झऱ्याच्या वरचा ऐन. वाटेच्या वळणावरचे जुळे ऐन. प्रत्येकापुढे तिचं नाव. मावशी एकेक बोट दुमडत ऐकत होती. यादी संपली तेव्हा तिने मुठीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"झाड न् झाड बराबर लिवलंयस गो," ती म्हणाली. "पयल्या टायमाला तुला टेकडी पन नाय दिसली. यंदा एक पन नाय चुकलं."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कौतुक वाटलं होतं.